गल्ला एक, धनी दोन

कोल्हापूरच्या शाहूपुरीत किंवा शाहू मार्केट यार्डात फिरताना एका दारावर दोन पाट्या लावलेली दुकाने नजरेस पडतात. वरची पाटी जुनी, रंग विटलेली. तिच्यावर आजोबांचे नाव आणि त्याखाली ‘गूळ व भुसार मालाचे अडत व्यापारी’ ही ओळ. खालची पाटी नवी, सुटसुटीत नावाची आणि शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे शब्द मिरवणारी. आत मात्र गादी एक, दिवाणजी एक, तिजोरी एक आणि गल्लाही एकच. वडील पेढीचे मालक असतात, कंपनीचे संचालकही तेच असतात, आणि सायंकाळी रोजमेळ मिळवताना कोणता रुपया कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

ही रचना उगवते तीही अगदी स्वाभाविक रीतीने. अडतीचा परवाना आजोबांच्या काळापासून पेढीच्या नावावर असतो. गुऱ्हाळघरांशी, हमालांशी आणि गुजरातेतल्या खरेदीदारांशी संबंध पेढीचे असतात. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यात पुकारले जाते ते पेढीचेच नाव. पुढे शिकून आलेल्या मुलाला पाकीटबंद गूळ आणि गुळाची पावडर परदेशी पाठवावीशी वाटते, किंवा शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखादा कारखाना काढावासा वाटतो. मोठे ग्राहक कंपनीलाच पुरवठादार म्हणून नोंदवून घेणे पसंत करतात. जोखीम मर्यादित राहील, असा सल्लाही मिळतो. मग कंपनी निघते. पेढी मात्र कोणी बंद करत नाही, कारण नावलौकिक पेढीचा असतो आणि परवानाही तिचाच.

यात बेकायदा असे काहीच नाही. एकाच व्यक्तीने स्वतःच्या मालकीची पेढी चालवावी आणि खासगी मर्यादित कंपनीची संचालकही असावे, याला कायद्याची पूर्ण मुभा आहे. खासगी कंपनीला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर एकाच सभासदाची ‘एकल व्यक्ती कंपनी’ही शक्य केली. अडचण येते ती दोन पाट्यांच्या मागे एकच गल्ला राहिल्याने.

कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांना ‘लिमिटेड’ हा शब्द परका नाही. १९४३ मध्ये याच परिसरातील मंडळींनी रत्नाकर बँक ही मर्यादित कंपनी स्थापन केली. तीच आजची आरबीएल बँक, आणि तिचे नोंदणीकृत कार्यालय आजही शाहूपुरीच्या पहिल्या गल्लीत आहे. बँकेचे भाग घेतले म्हणून तिच्या तिजोरीत हात घालावा, असा विचारही त्या भागधारकांपैकी कोणाच्या मनात येणार नाही. भागधारक पती-पत्नी आणि मुलगा असे तिघेच असले, की मात्र हेच तत्त्व विसरले जाते. कायद्याच्या दृष्टीने या दोन कंपन्यांत काडीचाही फरक नाही.

हे तत्त्व ज्या खटल्याने पक्के झाले, तो योगायोगाने चामड्याच्या धंद्यातला आहे. चपलांच्या गावात तो सांगण्यासारखा आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॉलोमन हा बूट तयार करणारा व्यापारी अनेक वर्षे एकट्याच्या मालकीचा धंदा करीत होता. १८९२ मध्ये त्याने कंपनी काढली आणि चालता धंदा तिला विकला. तेव्हा कायद्याला सात सभासद लागत. ते होते तो स्वतः, पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे. २०,००७ भागांपैकी २०,००१ भाग त्याचे आणि उरलेल्या सहा जणांकडे प्रत्येकी एक. विक्रीच्या किमतीपोटी त्याने कंपनीकडून १०,००० पौंडांचे कर्जरोखेही घेतले. संपांमुळे मागणी घटली आणि थोड्याच काळात कंपनी बुडाली. धनको म्हणाले, कंपनी कसली, हा तर सॉलोमनच आहे, त्याच्याकडून वसूल करा. खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटले. हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र ते फिरवले. कंपनी रीतसर नोंदली गेली, की ती वेगळी व्यक्ती होते, मग भाग कोणाकडे किती आहेत हे गौण ठरते, असा तो निर्णय. सॉलोमन विरुद्ध सॉलोमन (१८९७) हा खटला वाणिज्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो आणि दुकानात बसला की त्याचा अर्धा भाग विसरतो. कंपनीचे देणे माझे नव्हे, हा अर्धा भाग लक्षात राहतो. कंपनीचा पैसाही माझा नव्हे, हा दुसरा अर्धा भाग विसरला जातो.

याची खूण एका शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे ‘उचल’. मालकी पेढीत मालक गल्ल्यातून रक्कम उचलतो, दिवाणजी ती त्याच्या भांडवल खात्याला नावे टाकतो आणि विषय तेथेच संपतो. पेढी आणि मालक या दोन व्यक्ती नाहीत. पॅन एकच, विवरणपत्रही एकच. उचलीवर वेगळा कर नाही, कारण पेढीच्या नफ्यावर मालकाने कर भरलेलाच असतो. कंपनीत ‘उचल’ असे खातेच नसते. तेथून मालकाच्या हाती पैसा येण्याच्या वाटा मोजक्या आहेत: केलेल्या कामाचे वेतन, दिलेल्या जागेचे भाडे, दिलेल्या कर्जावरचे व्याज, विकलेल्या मालाची किंमत आणि नफ्यातला लाभांश. यांपैकी कोणत्याही वाटेने न आलेली रक्कम कंपनीच्या वहीत संचालकाच्या नावे येणे म्हणून उभी राहते, आणि मग तिच्याकडे बारीक लक्ष जाते.

ती उभी का राहते, हे साध्या गणितावरून कळते. सवलती न घेता कमी दराचा पर्याय स्वीकारणाऱ्या कंपनीला २२ टक्के मूळ दर आहे. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्क्यांच्या आसपास जातो. मालक सर्वांत वरच्या टप्प्यात असेल, तर वैयक्तिक अधिभार बाजूला ठेवूनही त्याला ३१.२ टक्के पडतात. येथवर कंपनी स्वस्त दिसते. पण तिने १०० रुपये मिळवले आणि सुमारे २५ रुपये कर भरून उरलेले ७५ रुपये लाभांश म्हणून वाटले, तर २०२० पासून त्या लाभांशावर घेणाऱ्याला आपल्या दराने पुन्हा कर द्यावा लागतो. ते सुमारे २३ रुपये होतात. एकूण कर ४८ रुपयांच्या पुढे जातो. नफा कंपनीतच राहून यंत्रसामग्रीत आणि मालात फिरणार असेल, तर कंपनी फायद्याची. तो घरखर्चासाठी बाहेर काढायचा असेल, तर पेढी बरी. हा हिशेब कंपनी काढण्यापूर्वी मांडला जातो, अशी घरे थोडीच. कंपनी निघून तीन वर्षे झाल्यावर तो उमगतो आणि मग कोणीतरी सुचवते, लाभांश कशाला, कंपनीकडून कर्ज म्हणून घ्यावे.

ही युक्ती मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ मध्येच पाहिली होती. सर दिनशा माणेकजी पेटिट या धनाढ्य गृहस्थांनी चार खासगी कंपन्या काढून आपली गुंतवणूक त्यांच्यात वाटली. लाभांश आणि व्याज कंपन्यांत जमा होई आणि तेवढीच रक्कम पेटिटांना कर्ज म्हणून दिली जाई. कागदोपत्री उत्पन्न कंपन्यांचे होते आणि पेटिट केवळ ऋणको होते. न्यायालयाने हा पडदा दूर सारला. या कंपन्या कोणताही व्यवसाय करीत नाहीत, त्या म्हणजे स्वतः करदाताच होय, असे ठरले आणि कर आकारला गेला. सॉलोमनचा धंदा खरा होता म्हणून भिंत टिकली. पेटिटांच्या कंपन्यांत धंदाच नव्हता, म्हणून ती पडली.

पुढे विधिमंडळाने हा मुद्दा न्यायालयांवर सोडला नाही. भागबाजारात नोंद नसलेल्या खासगी कंपनीने दहा टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला कर्ज अथवा आगाऊ रक्कम दिली, तर कंपनीकडे साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम लाभांशच मानली जाते. समजा, कंपनीचा साठलेला नफा १८ लाख आहे. हंगामात गुळाचे भाव उतरले म्हणून कंपनीच्या खात्यातून १० लाख रुपये पेढीच्या खात्यात वळवले, रव्यांची खरेदी झाली, आणि दोन महिन्यांत माल विकून पैसे परत केले. घरच्यांच्या मते काहीच घडले नाही. कायद्याच्या मते मालकाला १० लाखांचा लाभांश मिळाला. रक्कम त्याच वर्षी परत केली होती, हा बचाव १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे टिकला नाही. २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरतूद राहिली. खऱ्याखुऱ्या व्यापारी व्यवहारापोटी दिलेली आगाऊ रक्कम मात्र यात येत नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. पेढीने कंपनीला माल द्यायचा असेल, मागणीपत्र असेल आणि त्या मालाचे बिल पाठोपाठ येत असेल, तर त्या आगाऊ रकमेला अर्थ आहे. बिल कधीच आले नाही, तर ते कर्ज.

कंपनी कायद्याची दारे वेगळी आहेत. त्याचे कलम १८५ संचालकाला कर्ज देण्यावर बंदी घालते. दुसऱ्या कंपनीचे भांडवल नसलेल्या, बँकेचे देणे ठरावीक मर्यादेत असलेल्या आणि थकबाकी नसलेल्या खासगी कंपन्यांना २०१५ पासून त्यातून सूट आहे. पण ‘मी स्वतः घेतले नाहीत, पेढीने घेतले’ हे उत्तर येथे उपयोगी पडत नाही, कारण पेढी म्हणजे तोच संचालक. रोखीचाही मुद्दा आहे. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेता येत नाही आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. घरच्या कपाटातून पेढीच्या गल्ल्यात टाकलेले ५०,००० हे कर्ज नाही. तीच नोटांची गड्डी पेढीच्या गल्ल्यातून कंपनीच्या गल्ल्यात गेली, तर ते कर्ज होते. गल्ला एकच असेल, तर ती केव्हा गेली, हेही सांगता येत नाही.

उलट दिशेने, म्हणजे मालकाकडून कंपनीकडे, वाट मोकळी आहे, असा समज असतो. संचालकाचे किंवा त्याच्या नातेवाइकाचे कर्ज खासगी कंपनीला घेता येते. पण देणाऱ्याला लेखी द्यावे लागते, की ही रक्कम त्याने स्वतः कोणाकडून उसनी घेतलेली नाही. नेमके येथेच अनेक घरे नकळत चुकतात. पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम काढून कंपनीला दिली जाते आणि सनदी लेखापालांनी पुढे केलेल्या कागदावर सही होते. कॅश क्रेडिट म्हणजे बँकेचे कर्ज. पेढीने घेतलेले कर्ज हे मालकाचेच कर्ज. कागदावर लिहिले आहे त्याच्या अगदी उलट घडलेले असते, आणि बँकेच्या दृष्टीने तो पैसा ज्या कामासाठी दिला त्या कामावरून दुसरीकडे वळवणेही ठरते.

समाजातल्या विधवा मावशीने, निवृत्त मास्तरांनी पेढीवर रक्कम ठेवावी आणि दरसाल व्याज न्यावे, ही आपल्याकडची जुनी चाल. पेढीच्या शब्दाला बँकेइतकीच किंमत होती आणि कित्येक घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. कंपनीच्या वहीत मात्र अशा ठेवीला जागा नाही. खासगी कंपनीला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. धंदा म्हणून ठेवी स्वीकारणे २०१९ च्या कायद्याने पेढ्यांनाही बंद केले. नातेवाइकांकडून घेतलेले कर्ज त्या बंदीत येत नाही. रक्कम ठेवणारा कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक ठरतो की नाही, याला आता महत्त्व आले आहे.

पैशापेक्षा मालाचा घोटाळा अधिक महाग पडतो, कारण तो संकटाच्या दिवशीच उघड होतो. आयर्लंडमधील मकॉरा या जमीनदाराने आपल्या जंगलातले लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकले. भाग जवळपास सगळे त्याचेच होते. आगीचा विमा मात्र स्वतःच्या नावे राहिला. १९२२ मध्ये लाकूड जळाले. विमा कंपनीने हात वर केले आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिची बाजू उचलून धरली. लाकूड कंपनीचे होते, मकॉराला त्यात विमा उतरवण्याजोगा हक्कच नव्हता, हे त्याचे कारण. लबाडी त्याने काहीच केली नव्हती. फक्त पॉलिसीवरचे नाव बदलायचे राहिले होते.

कोल्हापूरला हे दूरचे वाटू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरीच्या सखल भागांतली दुकाने पाण्यात गेली आणि महामार्ग बंद पडला. अशा वेळी सर्वेक्षक येतो तो पॉलिसी, खरेदीची बिले आणि साठ्याची वही घेऊन. एकाच गोदामात पेढीचे सुटे रवे, कंपनीची पाकिटे आणि अडतीवर आलेला, अजून न विकलेला शेतकऱ्याचा गूळ असा तीन धन्यांचा माल असेल आणि पॉलिसी एकाच नावाची असेल, तर प्रश्न मकॉराचाच. बँकेने दोन्ही खात्यांवर साठा तारण घेतलेला असतो आणि दोन्हींची साठापत्रके दरमहा जातात. गोदामातल्या त्याच थप्प्या दोन्ही पत्रकांत मोजल्या गेल्या आहेत, असे तपासणी अधिकाऱ्याला आढळले, तर घराची पत एका दुपारी जाते. कंपनीच्या मालावरचा बोजा तीस दिवसांच्या आत कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. मालकी पेढीला असा निबंधक नाही. म्हणूनच गोदामात खडूने का होईना रेघ ओढलेली असणे, थप्पीवर नावाची चिठ्ठी असणे आणि पेढीकडून कंपनीकडे गेलेल्या प्रत्येक पोत्याचे बिल असणे याला मोल आहे.

ते बिल बाजारभावाचे हवे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात संबंधित व्यक्तींमधला पुरवठा मोबदला न घेता झाला, तरी तो पुरवठाच समजला जातो. सुटा गूळ करमुक्त होता. २०२२ च्या जुलैपासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के कर आला. पेढी सुटा गूळ विकते आणि कंपनी पाकिटे भरते, तेव्हा दोघींच्या मधली रेघ ही कराचीही रेघ असते. अडत्याच्या बाबतीत आणखी एक नाजूक बाब आहे. शेतकऱ्याचा गूळ आपल्याच कंपनीला दिला, तर भाव उघड सौद्यात ठरलेला असावा. नाहीतर विश्वस्त आणि खरेदीदार एकच झाल्यासारखे होते, आणि गुऱ्हाळवाल्याच्या कानावर ते जायला वेळ लागत नाही.

आता ज्या लाभासाठी कंपनी काढली, त्या मर्यादित जबाबदारीविषयी. लहान कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि बहुधा राहत्या घराचे तारणही. ती सही झाली, की सॉलोमनची भिंत बँकेपुरती राहत नाही. मालाच्या पुरवठादारांपुरती, ग्राहकांपुरती ती राहते, हे खरे. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या वैयक्तिक हमीदारांवरही दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करता येऊ लागली आणि २१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कंपनीची परतफेड योजना मंजूर झाली, म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, असेही त्यात स्पष्ट झाले. कारखाना बुडाला, तर हमीच्या वाटेने मागणी येते ती मालकावर. मालक म्हणजे पेढी, आणि पेढी म्हणजे आजोबांपासूनची गादी. बँका थकीत कर्जाचे वर्गीकरण ऋणकोनुसार करतात. पेढीचे कॅश क्रेडिट आणि मालकाचे गृहकर्ज एकाच बँकेत असेल, तर ऋणको एकच. एक खाते नव्वद दिवस थकले, की दुसरेही अनुत्पादक ठरते, हप्ते वेळेवर असले तरी. कंपनी तेवढी वेगळी ऋणको. हमीपत्रावर सही करण्यापूर्वी रक्कम मर्यादित करून मागता येते, दोनांपैकी एकाच मुलाची सही देता येते, घराऐवजी कारखान्याचा भूखंड पुढे करता येतो. बँक प्रत्येक वेळी मान्य करीलच असे नाही. पण मागणाऱ्याला कधीकधी मिळते, आणि न वाचता सही करणाऱ्याला कधीच मिळत नाही.

दोन्ही संस्था नीट चालवणाऱ्या घरांत फारसे अवघड काही दिसत नाही. दोन बँक खाती, दोन रोख पेट्या, दोन बिलबुके. वडिलांच्या जागेत कंपनीचे कार्यालय असेल, तर भाडेकरार असतो आणि भाडे दरमहा धनादेशाने जाते. दिवाणजी दोन्हीकडे काम करीत असतील, तर त्यांचा पगार ठरलेल्या प्रमाणात दोन्ही वह्यांत पडतो. मुलगा कंपनीतून वेतन घेतो, ते वाजवी असते आणि संचालक मंडळाच्या ठरावात लिहिलेले असते. पेढीशी होणाऱ्या व्यवहारातले आपले हितसंबंध संचालकांनी वर्षाच्या पहिल्या सभेत लेखी जाहीर केलेले असतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपड्या दोन मांडल्या जातात आणि दोन्हींवर ‘शुभ-लाभ’ वेगवेगळे लिहिले जाते. संगणकाच्या काळात हे प्रतीकात्मक झाले आहे. लहान नातवंडांना मात्र त्यातून बरेच कळते.

या सगळ्याची खरी कसोटी मालक गेल्यावर लागते. मालकी पेढी कायद्याने त्याच्याबरोबरच संपते. तिचे चालू खाते थांबते. वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करून वारसाला आपल्या पॅनवर नवी घ्यावी लागते आणि जुन्या खात्यातली शिल्लक जमा त्यासाठीच्या विवरणपत्राने नव्याकडे न्यावी लागते. अडतीच्या परवान्यासाठी बाजार समितीकडे अर्ज करावा लागतो. कंपनीचे तसे नाही. दुसऱ्या संचालकाची सही चालू राहते, माल जातो, बिले फाटतात, आणि वडिलांचे भाग वारसांच्या नावे चढतात. एक मुलगा गादीवर आणि दुसरा कारखान्यात असेल, तर दोघांच्या वाट्याला काय आले, हे वह्यांवरूनच ठरते. कंपनीच्या वहीत ‘संचालकांकडून येणे २२ लाख’ असे लिहिलेले असेल आणि त्या २२ लाखांचा गूळ, घराचा जिना की धाकटीचे लग्न, हे सांगणारे कोणी उरले नसेल, तर ती रक्कम गादीवरच्या भावाने वडिलांच्या मालमत्तेतून द्यायची, की कारखान्यातल्या भावाने बुडीत लिहायची, यावरून पुढची बोलणी सुरू होतात.